आमच्या स्वयंपाकघराची थर्मोकोलची भिंत

पोरांनो, परवा तुम्ही तो व्हिडिओ पाहिलात आणि विचारलंत, आजीचं स्वयंपाकघर नाटकात कसं आलं? तुम्हाला मजा वाटली होती. मी "नंतर सांगते" म्हणाले आणि फोन ठेवला. फोनवर मला हे क्रमानं सांगता आलं नसतं, आणि क्रम चुकला तर दोष भलत्याच माणसावर जातो. लिहिण्याआधी मी तुमच्या आत्याला विचारलं, कारण गोष्ट तिची आहे. ती म्हणाली, "लिहा मोठीआई. पण अर्धं लिहू नका."

ही आत्या म्हणजे माझ्या धाकट्या जावेची मुलगी. तुम्ही पिंगळीला आलात की तुम्हाला स्कूटरवर बसवून स्टेशनपर्यंत फिरवून आणायची, ती. आता ती बोरीला नांदते. तिच्या सासरचं बियाण्यांचं दुकान आहे.

आणि व्हिडिओ तुम्हाला पाठवणारी ती थर्मोकोलवाली मावशी. तिच्यापासूनच सुरुवात करते.

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, ती चित्रकला. आमचं टेबल एक, डबा एक. नोकरी लागल्यापासून तिला नाटकाचं वेड. परभणीतली हौशी मंडळी दरवर्षी स्पर्धेला नाटक बसवतात, त्यांचं नेपथ्य हिच्याकडे. पूर्वी ती बांबू आणि पडदे वापरायची. मग थर्मोकोल तिच्या हाती आला आणि तिला दुसरं काही सुचेना. अलीकडे बंदीमुळे कोऱ्या शीट मिळेनात, तेव्हा फ्रिज आणि टीव्हीच्या खोक्यांतले तुकडे गोळा करायला लागली. दुकानदार तिला पाहिलं की म्हणायचे, "मॅडम, फ्रिज घ्यायलात का नुसतंच खोकं?"

त्या खड्ड्याखुड्ड्यांच्या तुकड्यांची ती भिंत कशी करायची, ते मी कितीदा पाहिलं आहे. विजेच्या जुन्या शेगडीतली तार लाकडी चौकटीत ताणून बांधायची, तिच्यात वीज सोडायची. तार तापली की थर्मोकोल लोण्यासारखा कापला जातो. आवाज होत नाही, नुसता वास येतो. तुकडे जोडायचे, त्यावर जुन्या धोतराचं कापड पांढऱ्या गोंदात भिजवून चिकटवायचं. मग चाळलेली वाळू, खडूची पूड आणि गोंद कालवून गिलावा. ऑइलपेंटचा थेंबही लागू द्यायचा नाही, पेट्रोल, थिनर तर नाहीच. थर्मोकोल जागच्या जागी विरघळतो आणि भोक पडतं. म्हणून सगळा रंग पाण्यातला. सुकल्यावर स्पंजनं डाग द्यायचे. बाजूनं दिवा टाकला की खरी भिंत. उचलून बघाल तर एक बाई काखेत मारून घेऊन जाईल इतकी हलकी. प्रयोगात तिच्या पायाशी वाळूच्या पिशव्या ठेवाव्या लागतात. एकदा सभागृहात कुणीतरी पंखा लावला आणि राजवाडा डुलायला लागला. राजानं पाठ लावून तो धरून ठेवला आणि तसंच भाषण केलं.

त्या भिंतीवर तुम्ही जे पाहिलंत ते खरं होतं. आता खऱ्या भिंतीबद्दल सांगते.

तुमचे आजोबा आणि माझे दीर यांचं विहिरीवरून बिनसलं. घर वाटलं गेलं. स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत आली. चूल त्यांच्याकडे, ओटा माझ्याकडे. दिरांनी जावेला सांगितलं, त्या बाजूशी बोलायचं नाही. ते तिच्याशी जसे वागत, ते बघता न बोलणंच तिला सोयीचं होतं. आम्ही दोघी त्या भिंतीच्या दोन बाजूंना भाकरी थापायचो. एकीचा हात थांबला की दुसरीला कळायचं.

तुमची आत्या सातवीत असेल. एके दिवशी पलीकडून भांडी पडल्याचा आवाज आला आणि जावेची किंकाळी. मी बाहेरून धावत गेले. पोरगी जमिनीवर आखडली होती, तोंडाला फेस. फिट. त्यानंतर पुन्हा पुन्हा यायला लागली. दिरांनी अंगारे आणले, मठात नेलं, दर्ग्यात नेलं. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, "गावात बोंब करायची हाय का? पोरीचं लगीन व्हायचंय."

माझ्या मैत्रिणीचं माहेर नांदेडचं. आई आजारी म्हणून ती महिन्याला जायची. मी तिला सांगितलं. तिनं जराही वेळ घालवला नाही. शाळेत चित्रकलेच्या परीक्षा असतात, त्यासाठी मुलीला नांदेडला न्यावं लागतंय असं दिरांना शाळेच्या नावानं कळवलं. दिरांना परीक्षेचा आदर होता. मुलीला डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या. त्यानंतर दर महिन्याला गोळ्या तीच आणायची.

पण त्या पलीकडे पोचवायच्या कशा? दीर फडताळं उचकायचे. मग जावेनं बरण्यांच्या मागची एक वीट उलथण्यानं उकरून सैल केली. गोळ्या माझ्या डब्यात. सकाळी आणि दिवेलागणीला ती वीट काढायची, भोकातून तिचा हात यायचा, हिरव्या बांगड्या आणि पिठानं पांढरी झालेली बोटं. मी तळव्यावर गोळी ठेवायची. आम्ही बोलत नव्हतो. किती वर्षं मी जावेचा नुसता हातच ओळखत होते.

पोरगी मोठी झाली, फिट थांबल्या. डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या, म्हणाले, आता काही नाही. मग दीर गेले. आम्ही भिंतीच्या दुसऱ्या टोकाला दार पाडलं. तिचं लग्न ठरलं तेव्हा तुमच्या आजोबांनी वीट सिमेंटनं पक्की केली आणि वर चुना फिरवला. ते तोवर एका शब्दानं बोलले नव्हते, थापी खाली ठेवताना फक्त म्हणाले, "आता झालं." बोरीच्या माणसांना कुणी काही सांगितलं नाही. तुमचे आजोबा सोडले तर भोकाचं माहीत असलेली माणसं आम्ही चौघी. जाऊ, मी, तुमची आत्या आणि माझी मैत्रीण.

गेल्या उन्हाळ्यात मैत्रीण मोजायची टेप घेऊन आली. म्हणाली, "तुझं स्वयंपाकघर दे मला."

"कशाला?"

"दोन जावांचं नाटक लिहिलंय. विनोदी आहे. मधे भिंत पाहिजे, आणि तुझ्या भिंतीसारखी भिंत मला सुचत नाही."

"वाचायला दे."

"अजून बदलायलेय. तुला वाचायला दिलं तर तू व्याकरण तपासत बसशील. तू भिंत बघ."

मी हसले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. निवृत्तीनंतर घर रिकामं, तुम्ही लांब. तिच्या अंगणात आम्ही पंधरवडाभर ती भिंत केली. मी प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर पेन्सिलनं क्रमांक घातले, म्हणजे टेम्पोतून नेताना गोंधळ नको. ती म्हणायची, "तू काय तपासणी अधिकारी आहेस का?" पण क्रमांक पुसले नाहीत तिनं. थर्मोकोलचे दाणे माझ्या पातळाला चिकटायचे, झटकले तर हाताला चिकटायचे. फोमच्या शीटचे रांजण केले. प्लास्टिकचा पाइप गरम करून वाकवला, त्याची कडी. फडताळ, चुलीवरचा धुराचा पट्टा, फोडणीचे शिंतोडे. मी म्हणायचे, "धूर इथं जास्त काळा आहे, जाऊ डावखुरी, ती शेगडी या अंगाला सरकवायची." ती ऐकायची आणि स्पंज तिकडे न्यायची. मी जितकं खरं सांगितलं तितकं तिनं खरं केलं. भिंत सलग होती. तिच्यात भोक नव्हतं. मला तशी शंकाही आली नाही, कारण ते भोक आमच्या दोघींच्या बोलण्यात आता येतच नव्हतं.

प्रयोगाला मी जावेला नेलं. आत्याच्या सासूबाईंनाही मीच बोलावलं. त्यांना नाटकाची हौस, बोरीत नाटक कुठलं. आत्या आली नाही, तिच्या मुलाची परीक्षा होती.

पडदा उघडला आणि जावेनं माझा दंड धरला. "आक्का, ही तर हुबेहूब आपलीच भिंत हाय."

विहीणबाई पुढं वाकून बघत होत्या. "अगं बाई, ह्या फडताळातनं तर मी साखर घेतलीय. कुणी केलं हो?"

मी म्हणाले, "माझ्या मैत्रिणीनं. थोडं मी."

"लय भारी," म्हणाल्या. शेजारच्या बाईला सांगायला लागल्या, "हे आमच्या विहिणीचं घर हाय, पिंगळीचं."

पहिला अंक खरंच विनोदी होता. दोन जावा भिंतीच्या दोन बाजूंनी एकमेकींना टोमणे मारतात, लोक खळाळून हसले. विहीणबाईंनी तर डोळे पुसले. दुसरा अंक सुरू झाला. पलीकडची जाऊ बरण्या बाजूला सारते आणि भिंतीतून एक वीट काढते. थर्मोकोलची वीट, अलगद निघाली. भोकातून हात आला. हिरव्या बांगड्या. पीठसुद्धा लावलं होतं बोटांना.

अलीकडची जाऊ तळव्यावर गोळी ठेवते आणि विचारते, "पोरीला आज आलं होतं का?"

मग मुलगी स्टेजवर पडली. तिनं ते चांगलं केलं. पाय कसे आखडतात, ते कुणीतरी तिला नीट सांगितलं होतं. आमच्या मागं बायका रडत होत्या. माझ्या जावेनं पदर तोंडावर घेतला तो शेवटपर्यंत काढला नाही. पुढं लग्नाची बोलणी होतात आणि वीट सिमेंटनं बुजवली जाते, तेही होतं. विहीणबाई सरळ बसून होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पण शेजारची बाई त्यांना विचारत होती, "म्हणजे हे खरं घडलेलं हाय का?"

बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बघायला आलो तवा त्याच भिंतीला पाठ लावून जेवलो आमी. फसवलं तुमी."

मी म्हणाले, "डॉक्टरांनी संपलं म्हणून सांगितलं होतं. नंतर कधी आलं नाही. तुम्ही इतकी वर्षं बघताय तिला."

"मग सांगायला काय झालं होतं?" त्या बसस्टँडकडे चालत गेल्या. माझ्याबरोबर रिक्षात बसल्या नाहीत.

पिंगळीला पोचलो तशी जाऊ माझ्याआधी उतरली. दारात म्हणाली, "भिंत तुमीच मोजून दिली, आक्का. रंगसुदा तुमीच सांगितला."

"मला माहीत नव्हतं."

"तुमी शिकलेल्या. तुमाला म्हाईत नसतंय व्हय?" तिनं आत जाऊन भिंतीतल्या दाराला तिच्या बाजूनं कडी घातली.

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीकडे गेले. भिंत तिच्या अंगणात जांभळाच्या झाडाला टेकवून ठेवली होती. उन्हात ती भिंत वाटत नव्हती, नुसता पोकळ वाजणारा रंगवलेला फळा. ते भोक मात्र खरं दिसत होतं. त्यातून मागचा हौद दिसत होता.

ती चहा घेऊन आली. खूश होती. "परीक्षक नेपथ्यावर जाम खूश आहेत," म्हणाली. "आपल्याला नेपथ्याचं मिळणार बघ."

"हे भोक कधी केलंस?"

ती बसली. "आदल्या दिवशी. दोन मिनिटांचं काम."

"मी असताना का नाही केलंस?"

"नाव घेतलंय का कुणाचं? गाव वेगळं आहे, जावा भांडकुदळ आहेत. तू कधी भांडलीस?"

"निम्मं गाव त्या स्वयंपाकघरात जेवून गेलंय. नाव कशाला पाहिजे?"

"अगं, चांगलंच दाखवलंय तुम्हाला. बायका रडत होत्या. एक जण मला म्हणाली, अशा जावा असाव्यात."

"मला चांगलं दाखव असं मी कधी म्हटलं होतं?"

तिचा चेहरा बदलला. "नांदेडच्या बसमधे त्या गोळ्या पोलक्यात लपवून कोण आणत होतं? त्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्याच्या बाकावर कोण बसलं होतं? सगळ्यांनी मला विसरायला सांगितलं, मी गप्प बसले. माझं कुणाला काही वाटलं का? ती माझी पण गोष्ट आहे."

हे खरं होतं, पोरांनो. तिनं ते केलं नसतं तर तुमची आत्या आज कशी असती, मला माहीत नाही. तिच्यावर रागावताना ते मला आठवत राहतं आणि राग धड पुरा होत नाही.

मी म्हणाले, "मला एकदा विचारायचंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस?"

"हो," ती म्हणाली. तिनं नजर चुकवली नाही. हेच मला सर्वांत जास्त लागलं. चूक झाली असती, डोक्यात आलं नसतं, तर मी सोडून दिलं असतं. ती माझ्याशेजारी बसून धुराचा पट्टा रंगवत होती, माझ्याकडून जावेचं डावखुरेपण ऐकून घेत होती, आणि तिला माहीत होतं की उद्या इथं भोक पाडायचं आहे.

मी तिला म्हणाले, पुढच्या फेरीत भिंत तरी बदल. रंग दुसरा दे, फडताळ काढ, नुसती कुठलीही भिंत कर. ती म्हणाली, "भिंत बदलली तर उरलं काय नाटकात?" तिच्या स्कूटरशेजारी पेट्रोलची बाटली होती. एक वाटी पुरली असती. मी ती बाटली बराच वेळ बघत होते, तिनंही ते बघितलं, आणि उठून बाटली घरात नेऊन ठेवली. इतकी आम्ही एकमेकींना ओळखतो. चहा तसाच ठेवून मी निघाले. त्यानंतर मी तिच्याकडे गेले नाही. नाटक पुढच्या फेरीत गेलं. तुम्ही पाहिलात तो तिथला व्हिडिओ.

बोरीला आरडाओरड झाली नाही. हाकललं नाही कुणी. जावई समजूतदार आहेत. विहीणबाईंनी फक्त काळजी घ्यायला सुरुवात केली. आत्याला गॅसपाशी जाऊ देईनात. स्कूटरची किल्ली देव्हाऱ्यात गेली. मुलाला आंघोळ त्या स्वतः घालायला लागल्या. गल्लीतल्या बायका तब्येत विचारायला यायच्या. आत्यानं मला फोन केला. आवाज शांत होता.

"मोठीआई, मला न्हाणीघराची कडी लावू देत नाहीत. दाराबाहेर उभ्या राहतात आणि हाका मारतात. मी ओ द्यायची."

"मी येऊन बोलू का त्यांच्याशी?"

"काय बोलणार? त्या वाईट नाहीत. मला जपायलेत." मग म्हणाली, "मी स्वतः सांगणार होते त्यांना, मोठीआई. लग्नानंतर लगेच. आई म्हणाली नको. मग पोरगं झालं, मग म्हटलं जाऊ दे. आता मी काही सांगितलं तरी ते पकडल्यावर सांगितल्यासारखं होतं."

मैत्रिणीनं काय नेलं, ते मला त्या वाक्यानं कळलं.

सुट्टी लागल्यावर ती मुलाला घेऊन माहेरी आली, तिच्या आईकडे. दुसऱ्याच दिवशी दुपारी बाहेरच्या दारानं माझ्याकडे आली. मधल्या दाराला अजून कडी होती.

"तिकडं आई हातातलं उलथणं काढून घेते आणि रडत बसते," ती म्हणाली. "पोराला भजी खायचीत. तुमच्याकडं करू का?"

"कर की. घर तुझंच आहे."

तिनं पदर खोचला. बेसन कालवलं, ओवा चोळून टाकला, कांदा उभा चिरला. चिरताना ती बोरीच्या शेजारणींच्या नकला करत होती. एक बाई म्हणे रोज येऊन तिच्या नाकाला कांदा लावून जाते, "असू द्या, घरात कांदा बराय." आम्ही दोघी हसलो. खूप दिवसांनी ती हसताना दिसली. तिनं कढई ठेवली, तेल ओतलं, गॅस मोठा केला.

तेल तापायला लागलं आणि ती बोलता बोलता जराशी थांबली. काहीतरी आठवत असेल, किंवा मुलगा बाहेर काय करतोय ते ऐकत असेल. क्षणभरच. माझा हात गॅसच्या बटणाकडे गेला होता. मी तिच्या खांद्याजवळ सरकले होते, ती पडली तर कढईच्या विरुद्ध बाजूला ओढता येईल अशी. मला ते कळलंच नव्हतं. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं.

"तुम्ही पण, मोठीआई?"

"मी मीठ शोधत होते."

"मीठ तुमच्या मागं आहे."

मी मागं पाहिलं. होतं.

त्या सगळ्या वर्षांत, गोळ्या देताना, तिच्या लग्नात, तिच्या बाळंतपणात, मी तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. आजार मला सगळ्यांत आधी माहीत होता, आणि तरीही मला ती कधी आजारी दिसली नव्हती. तो प्रयोग पाहिल्यापासून मला ती दर वेळी स्टेजवरच्या त्या मुलीसारखी पडताना दिसते. हे मी तिला सांगितलं नाही. तिला कळलं असावं.

ती रागावली नाही. झारा हातात घेतला आणि म्हणाली, "बाहेर बसा तुम्ही. पोराजवळ बसा. मी हाक मारते झाल्यावर."

"बरं," मी म्हणाले.

मी ओसरीवर येऊन बसले. आतून तिनं दार लोटून घेतलं, मग कडी लागल्याचा आवाज आला. पाठोपाठ पहिलं भजं तेलात पडलं. मुलगा मला काहीतरी दाखवत होता, मी हो हो म्हणत होते. आत सगळं शांत झालं, मग पुन्हा तेल वाजलं, मग पुन्हा शांत. मला हाक मारावीशी वाटत होती, नुसती ती ओ देते का ते बघायला. मी हाक मारली नाही. तिथंच बसून राहिले.